अडवण्याची ताकद कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात तुम्ही चार महिन्यांपूर्वी कनिष्ठ लेखा अधिकारी म्हणून रुजू झालात. दिवाळीत एका ठेकेदाराचा माणूस मिठाईचा डबा ठेवून गेला, डब्याखाली पाकीट होतं, ते अजून न उघडता तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ म्हणाले, "ही पद्धत आहे, तुम्ही एकटे काय बदलणार?" आणि तुम्ही विचारताय की सरकारी संस्था भ्रष्टाचाराला खरंच तोंड देऊ शकतात का, की शेवटी सगळं एकेका माणसाच्या प्रामाणिकपणावर येऊन थांबतं.

पाकिटाचं आधी, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. ते उघडू नका आणि एकटे जाऊन गुपचूप परतही करू नका. आजच तुमच्या मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या नावे अर्ध्या पानाची टिपणी लिहा: कोणत्या तारखेला, कुणाकडून, कुणासमोर ते ठेवलं गेलं, ते बंद आहे, इतके दिवस कळवायला का लागले आणि पुढे काय करावं याचे लेखी निर्देश द्यावेत. उशिराचं कारण खरं ते लिहा, सारवासारव करू नका. टिपणी आवक करून घ्या, पोच स्वतःजवळ ठेवा. ड्रॉवरमधलं पाकीट तुम्ही घेतलंत की तुमच्यावर लादलं गेलं, हे उद्या कुणी विचारलं तर तुमच्या बाजूने बोलणारी गोष्ट फक्त ती पोच असेल.

आता मोठा प्रश्न. मी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच जिल्हा परिषदांमध्ये. तेव्हा मला जे दिसलं, तेवढंच सांगते.

बाहेरच्या माणसाला वाटतं की लाच चुकीच्या कामासाठी दिली जाते. माझ्या टेबलावर आलेल्या प्रकरणांत तसं फार कमी होतं. बहुतेक पैसा बरोबर काम वेळेत व्हावं म्हणून फिरत होता. ठेकेदाराने शाळेची खोली बांधली आहे, बिल बरोबर आहे, मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे. पण सिमेंटवाला दारात बसलाय, उधारीवर व्याज चढतंय. बिल एक महिना थांबलं तर त्याचं किती नुकसान होतं, हे तो जाणतो आणि फाईल हातात असलेला माणूसही जाणतो. त्या नुकसानीच्या थोडं खालचा जो आकडा, तीच टक्केवारी. म्हणून मी कुठल्याही कार्यालयात गेले की इथे लबाड कोण आहे याची चौकशी करत बसायचे नाही. इथे कोण कुणाला थांबवू शकतं आणि थांबवल्याची नोंद कुठे होते का, एवढं बघायचे.

याला मी अडवणूक म्हणते. दुसरा प्रकार संगनमताचा. त्यात देणारा आणि घेणारा दोघेही खूश असतात, नुकसान होतं त्या रस्त्यावरून जाणाऱ्याचं, आणि त्याला ते पहिल्या पावसानंतर कळतं. हे दोन आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी आहेत. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ पासून आपल्याकडे आहे. त्यांचा सापळा म्हणजे आधी मागणीची पडताळणी, मग पंचांसमोर नोटांना अँथ्रासिन पावडर आणि नंतर अतिनील दिव्याखाली हात तपासणं. या सगळ्यासाठी तक्रारदार लागतो. अडवणुकीत तक्रारदार मिळतो, कारण तो पोळलेला असतो. संगनमतात तक्रार करणार कोण? म्हणून वर्तमानपत्रात पाच-दहा हजारांच्या सापळ्यांच्या बातम्या रोज दिसतात आणि कोटीच्या कामातली चोरी क्वचितच. विभागाचा त्यात दोष नाही, त्या हत्याराची मर्यादाच तेवढी आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. मुख्य कार्यकारी अधिकारी पाठीशी असतील तर मी खाली सांगतेय त्यातलं बरंच सहा महिन्यांत होतं. नसतील तर तुमच्या टेबलापुरतंच होईल. तुमच्या पदाला धोरण ठरवण्याचा अधिकार नाही, पण नोंद करण्याचा आहे, आणि तो लहान नाही.

एका जिल्हा परिषदेत मी रुजू झाले तेव्हा बिलांना आवक क्रमांक 'तपासून झाल्यावर' द्यायची पद्धत होती. तिचा अर्थ लक्षात घ्या. बिल आलं, लिपिकाच्या टेबलावर पडलं, पण कागदोपत्री ते आलेलंच नाही. चाळीस दिवसांनी 'सोय' झाली की क्रमांक पडायचा आणि तिसऱ्या दिवशी धनादेश निघायचा. नोंदवही बघितली तर आमच्याइतकं तत्पर कार्यालय राज्यात नसेल! बदल्यांच्या विनियमनाचा आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आपल्याकडे आहे. त्याच्या कलम १० नुसार कोणतीही फाईल कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहता कामा नये. पण सात दिवस मोजायचे कुठून? जन्मतारीखच नसलेल्या फाईलचं वय कसं काढणार?

मी तीन गोष्टी केल्या. सगळी बिलं एकाच खिडकीवर घ्यायची आणि ठेकेदाराच्या समोर त्याच मिनिटाला क्रमांक द्यायचा. दर शुक्रवारी सर्व प्रलंबित बिलांची यादी, क्रमांक आणि सध्या कुणाच्या टेबलावर आहे ते लिहून, कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावायची. बिलं क्रमाने काढायची, आणि क्रम मोडायचा असेल तर कारण लिहून माझी सही घ्यायची.

पहिला महिनाभर काहीच झालं नाही. दुसऱ्या महिन्यात एका मजूर सहकारी संस्थेचे सचिव आले, अंगात साधा सदरा, हातात वहीचं फाडलेलं पान. म्हणाले, "मॅडम, आमचा नंबर ४१. मग ५६ आधी कसा गेला?" तो प्रश्न मला आजही आठवतो, कारण तोपर्यंत तसा प्रश्न विचारायला कुणाकडे आकडाच नव्हता. मी त्यांच्यासमोर नोंदवही मागवली. ५६ चं कारण लिहिलेलं नव्हतं. संबंधित लिपिकाला लेखी खुलासा मागितला. त्यानंतर तीन महिने क्रम मोडला गेला नाही.

मग अडवणुकीने दुसरी वाट शोधली. बिल सहाव्या दिवशी त्रुटी काढून परत जायला लागलं. त्रुटी पुरी करून आणलं की नवी त्रुटी. आधी दाखला नाही, मग दाखल्यावर शिक्का नाही, मग शिक्क्याखाली तारीख नाही. म्हणून चौथा नियम करावा लागला: सगळ्या त्रुटी एकाच वेळी, एकाच कागदावर. दुसऱ्यांदा त्रुटी काढायची तर ती पहिल्या वेळी का दिसली नाही, हे लिहायचं. तुम्ही कनिष्ठ लेखा अधिकारी असलात तरी तुमच्याकडे येणाऱ्या बिलांना हा नियम तुम्ही उद्यापासून लावू शकता. कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यात अवघड जागा मात्र वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती म्हणजे निधीची टंचाई. मंजूर कामं दहा कोटींची, बिलं सहा कोटींची आणि हातात आले दोन कोटी. इथे कुणी काही अडवलेलं नसतं, पैसेच नसतात. तरी कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवण्याची ताकद कुणाच्या तरी हातात जाते, आणि त्या ताकदीला किंमत येतेच. माझा अनुभव असा की वाटपाचा नियम पैसे येण्याआधी ठरवून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीने कागदावर आणला तर तो टिकतो. पैसे आल्यानंतर ठरवायला बसलात तर प्रत्येक माणसाला प्रत्येक नियमातून कुणाचा फायदा होतो ते माहीत असतं, आणि बैठक त्यावरच होते. आम्ही ठरवलं होतं की अंतिम बिलं आधी, मग बाकीची आवक क्रमाने. ते परिपूर्ण नव्हतं. मोठ्या पुलाच्या रनिंग बिलाला, म्हणजे काम चालू असतानाच्या बिलाला, त्यात खरोखर त्रास झाला, एक काम दोन महिने बंद पडलं. पण कुणाला विचारून नंबर लावावा लागत नव्हता. याहून बरा नियम असेलही. तो निधी येण्याआधी लिहिलेला असावा, एवढंच माझं म्हणणं.

संगनमताकडे येते. इथे लेखा विभागाचे हात आखूड आहेत, हे मान्य करायला हवं. खडीचा थर अंदाजपत्रकाप्रमाणे आहे की निम्माच, हे मला माझ्या खुर्चीतून दिसत नाही. मोजमाप पुस्तिकेत शाखा अभियंता लिहितो, उपअभियंता तपासणी मोजमाप घेतो, मी गुणाकार-बेरीज पडताळते. तरी कागद बोलतो. सहा महिन्यांत वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मोजमापं एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसतात. ज्या दिवशी तालुक्यात अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी होती, त्या दिवशी डांबरीकरणाचं मोजमाप पडलेलं असतं. तीन स्पर्धक निविदाधारकांच्या बयाणा रकमेचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) एकाच बँकशाखेचे, लागोपाठच्या क्रमांकांचे निघतात. एकच रस्ता, साखळी क्रमांक (रस्त्यावरचं किलोमीटर/मीटरमधलं अंतर) ०/०० ते ०/५०० एक काम आणि ०/५०० ते १/०० दुसरं काम, म्हणजे दोन्ही ई-निविदेच्या मर्यादेच्या खाली. यातलं काही दिसलं तर कुणाला चोर म्हणू नका. पूर्वलेखापरीक्षणाचा, म्हणजे पैसे देण्याआधीच्या तपासणीचा, आक्षेप म्हणून, साध्या शब्दांत, वस्तुस्थिती लिहा: "अमुक दोन कामांचे साखळी क्रमांक सलग असल्याचे दिसते. एकत्रित निविदा न काढण्याची कारणे नस्तीत नमूद नाहीत." बस. हा कागद उद्या स्थानिक निधी लेखापरीक्षणाच्या, महालेखापालांच्या किंवा पंचायत राज समितीच्या हाती पडू शकतो, हे वाचणाऱ्याला कळतं.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. ३१ मार्चच्या रात्री साडेदहा वाजता वरून फोन आला. एका संरक्षक भिंतीचं बिल काढा, काम झालंय, निधी परत जाईल, कागद दोन दिवसांत देतो. मी सही केली. भिंत अर्धीच होती. लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद आला, त्याचं अनुपालन, म्हणजे उत्तरं देणं, करता करता चार वर्षं गेली, आणि फोन करणाऱ्यांना अर्थातच तो फोन आठवत नव्हता. पैशाला मी हात लावला नव्हता, तरी त्या चोरीला माझी सही लागली होती. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

त्यानंतर तोंडी आदेशावर मी एकही सही केली नाही. यात उद्धटपणा करावा लागत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ च्या नियम ३ मध्येच आहे की वरिष्ठांच्या निर्देशानुसार वागायचं तर ते निर्देश शक्यतो लेखी घ्यावेत, आणि शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांच्या बाबतीत हेच ठासून सांगितलं की तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या नोंदवाव्यात. तुम्ही फक्त असं लिहायचं: "आपण आज दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार सदर देयक सादर. मोजमाप पुस्तिका प्राप्त नाही. आदेशार्थ." दहापैकी आठ वेळा ती फाईल तुमच्याकडे परत येतच नाही. उरलेल्या दोन वेळा लेखी आदेश येतो, आणि मग जबाबदारी कुणाची ते स्पष्ट असतं.

संगणकाने सगळं सुटेल असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. काही अंशी खरं आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या आठवा. पूर्वी मे महिन्यात शिक्षण विभागाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या संगणक प्रणालीवर गेल्या, शाळांची सोपी आणि अवघड क्षेत्रं ठरली, संवर्ग ठरले, आणि शिफारसपत्र घेऊन फिरणं बरंच कमी झालं. पण लगेच दबाव कुठे गेला? आजारपणाच्या आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवर, पती-पत्नीच्या कामाच्या ठिकाणांमधल्या अंतराच्या दाखल्यांवर. खोटी माहिती भरल्याच्या तक्रारी झाल्या, पडताळण्या कराव्या लागल्या. सातबाऱ्याचंही तेच. डिजिटल सहीचा उतारा आता १५ रुपयांत घरबसल्या निघतो, त्यासाठी तलाठ्याला गाठावं लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. फेरफार मंजूर करताना मात्र माणसाचा निर्णय लागतो, आणि अडवणूक तिथेच जाऊन बसली. म्हणून नवी प्रणाली आली की मी पहिला प्रश्न हाच विचारते की आता शेवटचा माणूस कुठल्या टप्प्यावर बसलाय.

हाँगकाँगमध्ये १९७४ साली स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापन झाला. त्यात तपास करणाऱ्या विभागाच्या बरोबरीने खात्यांच्या कार्यपद्धती तपासून त्यातल्या फटी बुजवणारा एक वेगळा विभागही ठेवला गेला. आपल्याकडे संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला, महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला, माहिती अधिकाराचा आपला कायदा तर केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी, २००२ मध्येच होता. संस्था आहेत. फटी बुजवण्याचं रोजचं काम मात्र कुणाच्याच कर्तव्यसूचीत नीट लिहिलेलं नाही. ते तुमच्या-माझ्यासारख्या मधल्या फळीतल्या लोकांनी केलं तरच होतं. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायची जबाबदारी आहे. माझा शुक्रवारचा फलक मी त्याच आधारावर लावला होता, त्यामुळे तो काढायला लावणं कुणाला जमलं नाही.

तक्रार करावी का, हेही तुम्ही विचारलंय. इथे मी धीराच्या गप्पा मारणार नाही. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंते. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातले गैरप्रकार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवले, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट कार्यालयांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारी दक्षता आयोगाकडे गोपनीय ठेवण्याची सोय केली, पण ती केंद्राच्या यंत्रणेपुरती. २०१४ मध्ये संसदेने कायदाही केला, तो अंमलात आलेला नाही. म्हणून माझा सल्ला असा: एकट्याच्या नावाचं आरोपपत्र लिहिण्याआधी रोजच्या कामातले आक्षेप लिहा, पदाच्या नावाने लिहा, आणि सोबत आणखी कुणाची सही मिळते का ते बघा. प्रत्यक्ष पैशाची मागणी समोर असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. ठेकेदारांनाही हे सांगा की २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं तर तो ठरत नाही. सापळ्यासाठी आधी कळवून दिली तरीही नाही. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

किंमत पडते. त्या फलकाच्या जिल्ह्यातून माझी बदली अकराव्या महिन्यात झाली. मुलगी दहावीला होती. घरी दोन रात्री कुणी नीट जेवलं नाही. माझ्यानंतर फलक वर्षभर टिकला, मग बंद झाला, असं कळलं. पण समोरच आवक क्रमांक देण्याची पद्धत मात्र राहिली, कारण ठेकेदारांना तिची सवय झाली होती आणि क्रमांक मिळाल्याशिवाय ते खिडकीवरून हलत नव्हते.

तुम्ही तिथे नवीन आहात, तेव्हा इतक्यात फलक लावायला जाऊ नका. पाकिटाची टिपणी दिलीत की पुढच्या आठवड्यात एवढंच करा: गेल्या सहा महिन्यांची बिलांची नोंदवही घ्या. प्रत्येक बिलापुढे उपविभागाने पाठवल्याची तारीख, तुमच्याकडची आवक तारीख आणि रक्कम निघाल्याची तारीख लिहा. उपविभागाची तारीख त्यांच्या जावक नोंदवहीतून घ्या, तुमच्या नाही. मग दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लावा. चार दिवसांत निघालेली बिलं कुणाची, सत्तर दिवस पडलेली कुणाची, आणि मधले दिवस कुणाच्या टेबलावर गेले, ते बघा. ती यादी झाली की नावं गाळून मला लिहा. पुढचं आपण त्या आकड्यांवर बोलू.